घरी ठेवलेला माणूस

दि. ११ जानेवारी

प्रिय ताई,

पत्र हातात पडलं की आधी शेवटची ओळ वाचायची तुझी खोड मला माहीत आहे. या वेळी तसं करू नकोस, वाईट बातमी शेवटीही नाही आणि मधेही नाही. वरून खाली नीट वाच आणि आईला मोठ्याने वाचून दाखव. भाऊजींचा खोकला आता गेला असेल. आम्ही दोघं मजेत आहोत.

फोनवर तू पहिल्याच वाक्यात "पाठ कशी आहे?" विचारतेस आणि मग पाठीशिवाय दुसरं बोलणंच होत नाही. म्हणून हा कागद घेऊन बसलो. तर ऐक, तुझ्या भावाला नोकरी लागली.

लिफ्ट दुरुस्तीची नाही. ते दार बंद झालं ते झालंच. चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. दिव्यासमोर काच धरायची, चरा किंवा बुडबुडा दिसला तर लाल ट्रेमध्ये टाकायची, नाहीतर पांढऱ्या. स्टूल खालीवर होतं आणि त्याला टेकायला पाठ आहे. लिफ्टच्या खड्ड्यात पडेपर्यंत दिवसभर उंचावर लोंबकळणारा तुझा भाऊ आता एका जागी बसून काचांवर डोळे वटारतो. दोन महिने उमेदवारी, काम पसंत पडलं तर कायम. भत्ता तोवर चालूच राहणार आहे, तेव्हा कपाळाला आठ्या घालू नकोस.

हे सगळं रोजगार केंद्रातल्या मॅडममुळे झालं. अपंग भत्त्यावर घरी बसलेल्यांना परत कामाला लावायचं, हे त्यांचं काम. वयाने माझ्यापेक्षा खूपच लहान, पण शिस्त अशी की आई परवडली. आम्ही चौघं त्यांचे विद्यार्थी: कुबड्या घेऊन येणारा एक स्वयंपाकी, डोळ्यांनी अधू असलेला टेलिफोन ऑपरेटर, बोटं वाकडी झालेली एक शिवणकामवाली, आणि मी. मॅडमच्या खोलीत न्हाव्याच्या दुकानात असतो तसा भलामोठा आरसा आहे. त्याच्यासमोर बसून स्वतःबद्दल बोलायचं. पहिल्या दिवशी मी सुरू केलं, "मला वाकता येत नाही, वजन उचलता येत नाही, सकाळी मोजे घालायचे म्हणजे..." तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबा. मोज्यांचं तुम्हाला कोणी विचारलंय का?"

मग त्यांनी त्यांचा नियम सांगितला. प्रत्येकाच्या घरात दोन माणसं राहतात, एक चांगल्या दिवसातला आणि एक वाईट दिवसातला. मुलाखतीला चांगल्या दिवसातला पाठवायचा. दुसऱ्याला घरी ठेवायचं, त्याचं नावसुद्धा काढायचं नाही. स्वयंपाकी म्हणाला, "आमच्या घरात एकच खोली आहे मॅडम, त्याला ठेवू कुठे?" मॅडमसकट सगळे हसले.

तेव्हापासून घरात रोज नाटक चालायचं. तुझी भावजय कारखान्याची मालकीण व्हायची. माझा जुना चष्मा नाकावर चढवून, भाजी निवडता निवडता विचारायची, "हं, तुम्हाला काय काय येतं?" आणि मी घडाघडा सांगायचो, मला सलग बसता येतं, मी वेळेचा पक्का आहे, हात स्थिर आहे, कोणावर अवलंबून नाही. एकदा मी "सकाळी जरा कडक होते पाठ" म्हणालो तर तिने मला नोकरीवरून काढलंच. इतकी सवय झाली की परवा जिन्यात शेजाऱ्याने "काय, कसं काय?" विचारलं तर त्यालाही सांगून टाकलं की मी वेळेचा पक्का आहे. 

ताई, एक सांगतो. अपघातानंतर इतकी वर्षं मी ज्यांच्यासमोर बसलो त्या सगळ्यांनी मला काय जमत नाही तेवढंच विचारलं. मलाही तेच पाठ झालं होतं. आता आरशात बघून उलटं बोलायला लागलो तर पहिले काही दिवस खोटं बोलल्यासारखं वाटलं, मग नाही वाटलं. कारखान्यात दुपारी सगळ्यांबरोबर डबा उघडून बसलो तेव्हा मला भरून आलं होतं. हे आईला वाचून दाखवलंस तरी चालेल.

तुझा लाडका (हे मीच ठरवलं आहे) भाऊ,
गुंड्या


दि. २ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. आईने स्वतः सही केली आहे ते बघून बरं वाटलं. अक्षर अजून आपल्या दोघांपेक्षा चांगलं आहे तिचं.

मी सध्या घरीच आहे. कारखान्यात काम थोडं कमी आहे, बोलावतील. इकडे हवा बदलली आहे, सगळ्यांचीच अंगं धरलीत, माझंही. विशेष काही नाही.

मधे मेडिकल बोर्डाची तपासणी झाली. भत्ता घेणाऱ्यांना अधूनमधून बोलावतात ती, नेहमीचीच. फार छान झाली. नवे डॉक्टर होते, मृदू बोलणारे. पूर्वीचे ओरबाडल्यासारखे प्रश्न विचारायचे. यांनी बसायला खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमच्याबद्दल सांगा." जणू समोर तोच आरसा, तेच शब्द. मी अगदी सुरेख बोललो ग. अडखळलो नाही. नंतर त्यांनी हिला आत बोलावून विचारलं, "घरात काही करतात का हे?" हीसुद्धा म्हणाली, "सगळं करतात. कुणावर अवलंबून नाहीत." डॉक्टर म्हणाले, "छान." मला आजवर कोणत्याही डॉक्टरने छान म्हटलं नव्हतं. निघताना हात मिळवला त्यांनी.

बसमध्ये मात्र ही गप्प होती. मी विचारलं तर म्हणाली, "तो मालक नव्हता." मी म्हटलं, "मग?" तर खिडकीकडे तोंड करून बसली. ऊन लागलं असेल.

आईला सांग, मोजे माझे मीच घालतो.

पुढचं वाक्य तिला वाचून दाखवू नकोस. मी अंथरुणावर असताना तू जे कोणाला सांगणार नाही म्हणाली होतीस, ते खरंच कोणाला सांगितलं नाहीस ना? भाऊजींनाही? सहज मनात आलं म्हणून विचारतो.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
गुंड्या


दि. १९ एप्रिल

ताई,

हे पत्र आईला वाचून दाखवायचं नाही. तिने विचारलंच तर गुंड्याचं पत्र आलेलं नाही म्हण. दार लावून घे आणि एकटीच बस.

मागच्या पत्रात मी तुला थापा मारल्या. कारखान्यात काम कमी नव्हतं. तपासणीच्या आधीच्या आठवड्यात पाठ धरली. दोन-चार दिवस मी गोळ्या गिळून बसलो, कारण वाईट दिवसातल्याला घरी ठेवायचं होतं ना. मग एका संध्याकाळी पाळी संपल्याची घंटा झाली आणि मी स्टुलावरून उठूच शकलो नाही. पाय माझे वाटेनात. सगळे निघून गेले, मी दिव्याखाली तसाच, हातात काच धरून, काम करत असल्यासारखा. सुपरवायझर दिवे मालवायला आला तेव्हा त्याला कळलं. ओरडला नाही तो. दोघांनी धरून मला बाहेर नेलं. पँट ओली झाली होती, तेही त्याने कोणाला दिसू दिलं नाही. पुढे उमेदवारी संपली आणि त्यांनी कायम केलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही केलं नसतं.

आणि भत्ता बंद झाला. बोर्डाचा निकाल आला, त्यात कारणं दिली आहेत: सलग बसू शकतो, वेळेचा पक्का आहे, पत्नीच्या म्हणण्यानुसार कोणावरही अवलंबून नाही. एक शब्द त्यांचा नाही ताई, सगळे आमचेच. तपासणीला गेलो त्या दिवशी मला हिने मोजे घातले होते, बूट बांधून दिले होते, जिना उतरताना माझा हात तिच्या खांद्यावर होता. आणि आत जाऊन आम्ही दोघं ते सांगून आलो. एकदा आत गेलो की तोंडातून दुसरं काही निघेचना. मला तर वाटलं परीक्षा पास झालो. ही त्या बसमध्ये का गप्प होती ते आता मला कळतंय, आणि तिलाच सगळ्यात जास्त लागलंय. रात्रंदिवस म्हणते, "माझ्या तोंडून कसं गेलं?" मी काय सांगू तिला?

मॅडम घरी आल्या होत्या. माझ्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि आमच्या हिच्यादेखत रडल्या. म्हणाल्या, "बोर्डासमोर दुसऱ्याला न्यायचं असतं, हे मी तुम्हाला सांगायलाच हवं होतं. ते ऑफिस वेगळं, माझं वेगळं, माझ्या डोक्यातच आलं नाही." मला त्यांचा राग येत नाही. येत असता तर बरं झालं असतं, कोणावर तरी काढता आला असता. पण त्या पोरीने मला काही दिवस तरी माणसांत बसवलं.

अपील केलं आहे. मॅडम साक्ष द्यायला तयार आहेत, पण त्यांच्याच सहीने मी कामासाठी योग्य ठरलो होतो. हिने आधीच एक सांगितलंय, आता उलटं सांगितलं तर कोण विश्वास ठेवेल? आणि मी. ताई, मी घरी सराव करून पाहिला. ही डॉक्टर झाली, चष्मा नाकावर. "काय त्रास होतो?" मी म्हटलं, "तसा काही नाही." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आम्ही आधी हसलो. मग तिने चष्मा काढून ठेवला आणि आत गेली. मला येत नाही ग आता ते. पूर्वी सांगता यायचं कारण तेव्हा माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच. आता मधे ते टेबल आलंय, तो दिवा, ते डबे.

सुनावणीत घरी ठेवलेल्या माणसाला न्यायचं आहे. त्याला जवळून पाहिलेलं, या घरात न राहणारं कोणीतरी हवं, असं आमचं अपील बघणाऱ्या वकिलीणबाई म्हणाल्या. तशी तू एकटीच आहेस.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहे. आईजवळ दोन दिवस भाऊजी राहतील का? हेच मागायचा धीर होत नव्हता, म्हणून पत्र मी चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा आईच्या गुडघ्यांची चौकशी करून संपवलं.

तू सगळं सांग. मला अंघोळ घालायचीस ते सांग. चादरी बदलायचीस, मी तोंड भिंतीकडे करून पडायचो, तू उगाचच मोठमोठ्याने इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचीस म्हणजे मला लाज वाटू नये, ते सांग. मी तुला ताटली फेकून मारली होती तेही सांग.

आणि ते दुसरंही सांग. त्या दुपारी मी तुझ्याकडे मरण मागितलं होतं. गोळ्यांची पूर्ण बाटली दे म्हणालो होतो आणि तू ती घेऊन बाहेर गेलीस, परत आलीस ती रिकाम्या हाताने, आणि माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिलीस. भाऊजी तुला न्यायला आले होते त्यांना परत पाठवलंस. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस की हे तुझ्या-माझ्यातच राहील. इतकी वर्षं तू ते राखलंस. आता मी तुला त्यातून मोकळी करतो. वकिलीणबाई म्हणतात, अशा गोष्टीला बोर्ड वजन देतं. बघ, माझ्याकडे वजनदार असं हेच निघालं.

तुझा पुढचा प्रश्न मला ऐकू येतोय, म्हणून उत्तर देतो. हो, ते विचार परत येतात. रोज नाही. आले की मी उठून हिच्या शेजारी जाऊन बसतो, तिला वाटतं माझा लाडात यायचा दिवस आहे. औषधांचा डबा तिच्या कपाटात कुलपात ठेवायला लावलाय. मी विसरून दोनदा घेतो, असं कारण दिलं. तिला अजून काही माहीत नाही, तेव्हाचंही नाही आणि आत्ताचंही नाही. सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मॅडमनी घ्यायला लावली. मनाला काही त्रास होतो का, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी "तसा काही नाही" म्हणालो, आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा विश्वास बसल्यासारखा झाला नाही.

हिला मी आधी सांगावं असं तू म्हणशील. रोज ठरवतो. चहा होईपर्यंत धीर टिकतो. बहुधा तिला ते त्या खोलीतच कळेल, तुझ्या तोंडून, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून. त्या वेळी ती माझ्याकडे बघेल. मी कुठे बघेन मला ठाऊक नाही. तू मात्र तिच्याकडे बघून थांबू नकोस, माझ्याकडे तर बघूच नकोस. समोरच्या डॉक्टरांकडे बघ आणि शेवटपर्यंत सांग. मधेच माझ्या तोंडून "आता बरा आहे मी" असं निघालं तर मला गप्प कर, लहानपणी करायचीस तसं.

आणि संपलं की आम्हा दोघांना सोडून लगेच गाडी पकडू नकोस. रात्री राहा.

तू ज्याला भिंतीकडून आपल्याकडे वळवायचीस, तो तुझा
गुंड्या