भिजवलेली भाकरी

अहो,

महेश्वरीला पहाटेपासून जुलाब-उलट्या लागल्यात. गल्लीत कॉलरा निघालाय म्हणून आशाताईंनी रिक्षा बोलावली, मी तिला सिविलला नेतीय. तिच्या एचआयव्हीचं डाक्टरांना मीच सांगीन, लपवणार न्हाय.

चूक माझी हाय. रात्री गॅस संपला. रिकाम्या पोटी गोळी घेतली की पोरीला मळमळतं, म्हणून कडक भाकरी चुरून पिपातल्या पाण्यात भिजवली आन् मीठ टाकून चारली. पाणी उकळल्याशिवाय द्यायचं न्हाय, ठाऊक होतं की. शेजारच्या शालनवहिनींकडनं वाटीभर आमटी आण म्हणून तुमी पाळीवर जाताना सांगितलं होतं. त्या आपल्यासाठी पेला वेगळा ठेवतात, म्हणून माझा पाय उचलला न्हाय. आज पोरीला उचलून रिक्षात त्यांनीच बसवलं.

पिपातलं पाणी पिऊ नका. वहिनींकडं जेवा, मग तुमची गोळी घ्या. लाजू नका.

शेगडीजवळ ताटाखाली तिची उरलेली भाकरी झाकलीय. लई भूक लागली तरी तिला हात लावू नका. घरात खायला तेवढंच उरलंय, मला टाकवली न्हाय. तुमी टाका.

रुद्राणी