कॉटच्या काठावरचं पाखरू

आई, तू गेलीस तेव्हा मला भाकरीसुद्धा धड थापता येत नव्हती, आता मलाच पोरगी झालीय. आम्ही इंग्लंडात लीड्सला असतो. ह्यांना हॉटेलच्या किचनमध्ये काम आहे. फ्लॅटच्या मागे रान आहे, झाडं पार खिडकीपर्यंत आलीत. आपल्या धाकट्याची लंगोटं तू तिन्हीसांजेच्या आत दोरीवरनं काढायचीस. एकदा मी विसरले तर लाटणंच घातलंस पाठीत. "वरनं पाखरू फिरलं की पोर सुकतं, भवाने, कळत नाही तुला?" ते माझ्यात बसलं ते बसलंच. इथे दुपटी मी बाहेर घालतच नाही, रेडिएटरवर वाळवते. हे हसतात.

परवा खिडकी उघडी होती आणि पाखरू सरळ आतच आलं. मुठीत मावेल एवढं, हिरवट-पिवळं. भिंतीवर आपटलं आणि पोरीच्या कॉटच्या काठावर जाऊन बसलं. मी किंचाळत बाहेर. मागे दार लागलं. इथली दारं आपोआप लागतात, किल्लीशिवाय उघडत नाहीत. किल्ली आत, मोबाइल आत, पोरगी आत, पाखरू आत. शेजारच्या म्हातारीकडे आमची जादा किल्ली असते. तिचं दार बडवते, पण इंग्रजी सुचतच नाही. "बेबी! बर्ड!" एवढंच. "ब्रीद, लव्ह, श्वास घे," म्हणत ती किल्ली घेऊन येते. आत बघते तर पोरगी टकामका त्याच्याकडे बघतेय आणि ते चोच उघडी टाकून धापा टाकतंय. म्हातारीनं त्याच्यावर फडकं टाकलं, अलगद ओंजळीत घेतलं. "विलो वॉर्बलर. आफ्रिकेतून येतं बघ हे, एवढंसं. तुझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलंय. धरतेस?" मी हात मागे घेतले. तिनं खिडकीतून सोडलं, ते रानात गेलं.

आपल्या स्वैपाकघरात वानर शिरलं होतं, तेव्हा तू उलथनं घेऊन धाकट्याच्या आडवी उभी राहिलीस. चांगलं दांडगं वानर होतं. माझं तर एवढंसं पाखरू.

म्हातारीनं ह्यांना सांगितलं, "पटकन मला बोलवायला आली, बरं केलं." हे म्हणाले, "हुशार आहेस की गं!" मी मान डोलावली.

तुला वाचता येत नव्हतं. आज असतीस तर हे पत्र कुणाकडून तरी वाचून घेतलं असतंस, आणि ते मला चाललं नसतं. मी कुणाला बोलवायला गेलेच नव्हते गं. दार लागल्याचा आवाज झाला, तेव्हा मला पोरगी आठवली.