पुढच्या चाकातलं शिसं

मिरजोळे, ६ जानेवारी २०२५

ती. भागोजीमामांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहिते. रविवारी, एकोणीसला, सड्यावरच्या उघड्या कातळावर रिमोटच्या गाड्यांची चढाईची स्पर्धा आहे. माझी वीतभर गाडी गेल्या वर्षी उभ्या जांभ्यावर मागे उलटली. चूक माझी. बॅटरी वर आणि मागे होती. आता ती खाली, पुढे घेतली आहे. मासे धरायच्या जाळ्याला लावतात ते शिसं ठोकून पट्ट्या केल्या. पुढच्या प्रत्येक चाकात पस्तीस ग्रॅम, मागच्यात दहा. चाळीस अंशांवर उलटणारी गाडी आता बावन्नपर्यंत टिकते.

आयोजक संदेश यांनी मला न विचारता 'हौशी मुली' गटात टाकलंय. तिथले दगड घोट्याएवढे. खुला गट मागितला, तर म्हणाले, जड गाडी चढायची नाही. मी चढवून दाखवणार आहे.

आपली,
शमिका

लालबाग, ११ जानेवारी

चि. शमिकास,
अ. उ. आ.

काय गो, एवढ्याशासाठी पत्र? संदेश माझ्या हाताखाली शिकलेला. कालच फोन केला. आपलं वजन आहे अजून तिकडे! तुझं नाव खुल्या गटात गेलं. आई सांगत होती, गाडीला वजन चढवतेस आणि स्वतः जेवत नाहीस. जेव जरा.

मामाचा आशीर्वाद आहेच.

मिरजोळे, २० जानेवारी

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

ते नाव मी खोडायला लावलं. रागावू नका. वर ठेवलेलं वजन चढावर गाडी उलटवतं. तुमचं वरून आलं होतं.

सगळ्यांसमोर संदेशना म्हटलं, सकाळपासून गाड्या ज्या दगडावर अडताहेत त्यावर एक संधी द्या. चढली तर खुला गट, नाही तर घरी. मुलींच्या गटात जाणार नाही. कोणीतरी हसून म्हणालं, म्हैस माडावर चढणार.

गाडी मध्यावर थांबली. मागचं एक चाक हवेत. मी बोट हलवलं नाही. पुढची चाकं धरून राहिली, तेव्हा अगदी हळू वेग दिला. चढली. संदेशनी नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

अकरा जणांत चौथी आले. पहिले तिघे चांगलेच होते. पण दिवसभरात मी कोणाची भाची, हे कोणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी बघायला या. फोन आईकडे ठेवून.

माया कमी करू नये.
शमिका