चार नंबरचे सहा प्लग

मंगळवार, ३ सप्टेंबर १९९६

चि. वियोनो यास,

अनेक आशीर्वाद. तू सुराबायात ज्या गॅरेजात कामाला लागलास त्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. तिनं सहज दिला नाही. अर्धा तास चुलीपाशी बसवून ठेवलं, कॉफी पाजली आणि शेवटी म्हणाली, "पत्ता देते, पण त्याला आणखी काही ऐकवू नका. ऐकवलंत तेवढं पुरे." मी ऐकवायला नाही, लिहायला मागतोय, असं सांगितलं.

इकडे थंडी फार आहे. दोनदा दव गोठलं आणि बटाट्याचा पाला काळा पडला. कोबी वाचला. माझ्या लेकीची, निंगची तब्येत बरी आहे, असं लिहिणार होतो. बरी नाही. शेतात जाते, परत येते, भिंतीकडे तोंड करून जेवते. तुझे कपडे बांधून तिनं दाराशी ठेवलेत. येत्या सोमवारी गावप्रमुखाकडे जाऊन काडीमोडाचा अर्ज देणार आहे. टपालाचा भरवसा नाही, म्हणून हे पत्र उद्याच्या भाजीच्या ट्रकवाल्याच्या हाती देतो आहे.

आता जीपचं. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन नवा बसवला, बाकीचे पाच तपासले. इंजिन पुन्हा जोडून पंधरा दिवस झाले. फक्त स्पार्क प्लग बसवायचे राहिलेत. बाकावर दोन खोकी आहेत, एकात सहा नंबरचे, दुसऱ्यात चार नंबरचे. रोज सकाळी जातो, दोन्ही उघडतो, दोन्ही बंद करतो. काल जीपवाला जुमादी आला होता, त्याच्या जीपसाठी विचारायला. "पोनिरिन, नंबर सांग फक्त, बाकी मी बघतो." मला नंबर सांगता आला नाही. तो म्हणाला, "काय रे, जीभ पण गोठली का?"

तुला हे ठाऊक आहे, तरी नीट क्रमानं लिहितो. या प्लगांत आकडा लहान तितकं टोक जास्त तापतं. आमच्या उंचीवर हवा विरळ. गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरात ज्वालामुखीच्या वाळूतून रांगत जातात, पेट्रोल पुरतं जळत नाही. पुस्तकातला सहा नंबर घातला की आठवड्यात काजळी धरते, आणि पहाटे प्रवासी कुडकुडत उभे असताना गाडी नुसती खोकते. चार नंबर घातला की काजळी जळून जाते. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. बारा वर्षांपूर्वी मी शोधलं, आणि वरच्या सगळ्या जीपांत तेच प्लग गेले. त्याचा मला गर्व होता.

पण तेच टोक खालच्या उन्हात, सपाट रस्त्यावर, तास-तासभर वेगात पळवलं तर निखाऱ्यासारखं लाल राहतं. ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं आणि पिस्टन वितळतो. आमच्या कुणाला हे दिसलं नाही, कारण आमच्या जीपा डोंगर सोडून खाली जातच नाहीत.

तुला दिसलं होतं. एप्रिलमध्ये मी प्लग बदलत होतो तेव्हा तू म्हणालास, "बाबा, निंगचे दिवस भरत आलेत. खाली जायची वेळ आली तर? या खेपेला सहा नंबर घाला ना." समोर पाच जण बसले होते. मी म्हणालो, "तू शाळेत शिकलास, मी थंडीत शिकलो. शाळा नापास करते, थंडी बोटं झडवते." सगळे हसले. तूही हसलास, आणि मला पाना दिलास.

मग निंगला कळा लागल्या त्या दुपारी खालच्या दवाखान्यात सांगितलं, सुराबायाला न्या, आणि त्यांची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती. तू जीप काढलीस. मीही तेच केलं असतं. खालच्या सपाट रस्त्यावर, पासुरुआन शहराच्या अलीकडे इंजिन गेलं. दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन तास गेले. बाळ वाचलं नाही. मुलगी होती. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

यापुढचं तुला ठाऊक नाही. ट्रकवर घालून जीप वर आणली, त्या दिवशी शेडचं दार लावून मी एकट्यानं प्लग काढले. तिसऱ्याचं पांढरं चिनीमातीचं टोक खडूसारखं झालेलं, पुढची तार वितळून गेलेली. मला त्याच मिनिटाला कळलं. सहाही प्लग फडक्यात बांधून बियाण्याच्या पोत्यांमागे ठेवले. मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हणालो, "यानं रेडिएटरचं पाणी न बघता गाडी पळवली." तू म्हणालास, "काठोकाठ होतं, बाबा." मी म्हणालो, "पिस्टन खोटं बोलत नाही." निंग दारात उभी होती. तिनं माझं खरं मानलं, कारण इंजिनाच्या बाबतीत मी कधी चुकलो नव्हतो.

तीनदा तिला सांगायला गेलो आणि चुलीत लाकूड सारून परत आलो. आज सकाळी फडकं तिच्यापुढे उघडलं आणि सगळं सांगितलं. तिनं तिसरा प्लग बराच वेळ हातात धरला.

"हे त्याला माहीत आहे?"

"नाही."

"मग आधी त्याला लिहा. तोवर माझ्याशी बोलू नका."

म्हणून लिहितो आहे. रविवारी सकाळी जीपवाल्यांची बैठक आहे. ज्यांच्यासमोर तुझं नाव घेतलं त्यांच्यासमोर तो प्लग ठेवणार आहे. तू असलास तर बरं, नसलास तरी ठेवणार. पण सोमवारच्या आत ये. माझ्या घरात पाऊल ठेवायचं नसेल तर तुझ्या आईकडे उतर, निंग तिथे येईल की नाही ते मी सांगू शकत नाही. यायचं नसेल तर तिला दोन ओळी लिही. मला नकोत.

पत्र तिनं वाचलं. एकच ओळ खोडायला लावली. मी लिहिलं होतं, "हे आपल्या सगळ्यांचं दुर्दैव." ती म्हणाली, "दुर्दैव खोडा. काय केलंत ते वर लिहिलंय, तेवढंच राहू द्या." खोडलं. कपड्यांची गाठ अजून दाराशी आहे. सोमवारचं ती काही बोलली नाही.

स्वतःला तुझा सासरा म्हणवून खाली सही करावी, असा हक्क आज माझ्याकडे नाही. म्हणून नुसता,

पोनिरिन