मिरच्यांच्या माळेतला दोरा

५ ऑक्टोबर

आलो एकदाचा कफर सारूनला. खोली गच्चीवरची, घर उम्म जुहैर यांचं. बॅग खाली ठेवायच्या आत म्हातारीने विचारलं, की लग्न झालंय का, आणि नसेल तर का नाही. उत्तर ऐकायला न थांबता तिने मकदूसची बरणी उघडली. अक्रोड भरलेली वांगी, आणि तेल तिच्याच झाडांचं. मी चार खाल्ली, पाचवी तिने बळेच वाढली.

गच्चीवरून सगळं दिसतं. खाली ऑलिव्हच्या बागा, त्यांतून जाणारा मातीचा रस्ता, मग ओसाड पट्टा आणि पलीकडे त्यांची, शत्रूची टेकडी. माझं काम सोपं आहे. सकाळी आकाशाचा अंदाज घ्यायचा आणि वॉकीटॉकीवर सांगायचं, रस्ता मोकळा. ते ऐकल्याशिवाय गावातलं कुणी बागेत पाऊल टाकत नाही. आधी हे काम अबू रस्लान करत. तेव्हा विमानांचा जमाना होता. पलीकडच्या वैमानिकांचं बोलणं रेडिओवर ऐकून ते सांगत, कोणतं विमान, किती मिनिटांत. आता विमानं कमी आणि ड्रोन उदंड. एका मेंढीच्या भावात एक मिळतं, आपले लढणारेही घरात जोडून उडवतात. अबू रस्लानच्या कानांना ते झेपेना, म्हणून शहरातल्या इशारा केंद्राने मला धाडलं, मला आणि माझ्या डब्याला. मी टीव्ही-मोबाइल दुरुस्त करणारा. डबा मीच जोडलाय. ड्रोन आणि त्याला चालवणारा यांचं हवेतून बोलणं चालतं, ते पकडलं की डबा किंचाळतो.

अबू रस्लानना अम्मो, म्हणजे काका, म्हणून सलाम केला. त्यांनी डबा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, की हा चहा साखरेचा घेतो की बिनसाखरेचा. माणूस मजेशीर दिसतोय.

८ ऑक्टोबर

डब्याने नाव काढलं. दहाला किंचाळला, मी ओरडलो, सगळे झाडांखाली शिरले आणि ड्रोन रिकाम्या रस्त्यावर फुटलं. संध्याकाळी शिहाबने डाळिंबं पाठवली. शिहाब समोरच्या घरातला, गावातला एकुलता ट्रॅक्टर त्याचाच. त्याची बायको सौसन गच्चीवर येऊन उम्म जुहैरजवळ बसली. दोघी हिवाळ्यासाठी लाल मिरच्यांच्या माळा ओवत होत्या. दोरा सौसनला बागेत सापडलेला, बारीक, चमकणारा. संपतच नाही म्हणे, कोबीएवढा गुंडा झालाय. उम्म जुहैरची तक्रार एवढीच, की ओढून तुटत नाही पण गाठ मारली की कट्‌कन तुटतो. मी म्हटलं, मावशी, मासे पकडायची दोरी असेल. ती म्हणाली, की आमच्या बागेत मासे कधीपासून यायला लागले? आम्ही खूप हसलो.

१३ ऑक्टोबर

शिहाबचा धाकटा भाऊ लुअय गेला. मोटरसायकलवर होता. मी सातला मोकळा म्हटलं होतं. डबा शेवटपर्यंत गप्प.

दफनानंतर घरी येऊन डबा उघडला. बॅटरी ठीक, अँटेना ठीक. केंद्राकडून शिकायला म्हणून आणलेलं लहान ड्रोन गच्चीवरून उडवून पाहिलं, तर डबा इतका किंचाळला की समोरच्या घरातल्या बायका आत पळाल्या. म्हणजे डबा ठणठणीत आहे. मग सकाळी काय झालं? केंद्राला निरोप पाठवला. उत्तर आलं, की घटनेचा तक्ता भरून पाठवा. तक्ता! डोक्यात तिडीक गेली.

१७ ऑक्टोबर

आज पाण्याचा टँकर. चालवणारा जिवंत आहे, पाय नाही. पुन्हा मी मोकळा म्हटलं होतं, पुन्हा डबा गप्प.

चौकातून गेलो की बोलणी थांबतात. कुणीतरी मागून म्हणालं, की मुक्या डब्याला डॉक्टरकडे न्या. अबू रस्लान म्हणाले, की त्यांना फुटायच्या आधी दोनतीन श्वास गुणगुण ऐकू आली होती, पण मशीन आल्यापासून म्हाताऱ्याच्या कानाला विचारतो कोण. मला त्यांचा राग आला. मग माझाच आला. सात वर्षं हे शिकलो, रात्रीचा दिवस केला, आणि एका म्हाताऱ्याचे कान माझ्यापेक्षा बरे ठरले.

१९ ऑक्टोबर

सापडलं.

टँकरच्या सांगाड्याखाली ड्रोनचे तुकडे होते. त्यात प्लॅस्टिकचं रीळ. रिळाला दोरा. बारीक, चमकणारा. झुडपांवरून, झाडांवरून, ओसाड पट्ट्यावरून तो थेट त्यांच्या टेकडीकडे गेलेला.

यंत्र उडताना स्वतःचा काचेचा दोरा मागे सोडत येतं. त्याला जे दिसतं ते दोऱ्यातून तिकडे जातं, हुकूम दोऱ्यातून इकडे येतो. हवेत काहीच नाही. डबा काय ऐकणार, कपाळ?

आणि ही दोरी मी अकरा दिवस रोज पाहतोय. माझ्या दारावर, मिरच्यांच्या माळेत. मी, तंत्रज्ञ!

उम्म जुहैरला सांगितलं. सगळ्या माळा काढून तिने अंगणात मिरच्या सोडवल्या, एकेक. लुअयला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं. दोरा तिने चिमट्याने धरून चुलीत घातला.

केंद्राला कळवलं. तिथला साहेब म्हणाला, की असलं काही आमच्या यादीत नाही, फोटो पाठवा.

२१ ऑक्टोबर

सकाळी गाव मिळून दोरे कापले. नवे बारा. एक शाळेच्या भिंतीवरून गेलेला, एक माझ्या जिन्याच्या कठड्याला घासून.

एक कापताना जाणवलं की तो सैल नाही. ताणलेला. धरला तर हातात थरथरला. सोडून दिला — मग कापला. दुसऱ्या टोकाला काय होतं, बघायची हिंमत झाली नाही.

अबू रस्लान म्हणतात, की शेजारच्या गावात एकाने पाहिलंय. ते उडतच राहत नाही. येतं आणि बसतं. रस्त्याकडेला, गवतात, पंखे बंद करून, डोळा उघडा ठेवून. तासन्‌तास. माणसं जमली की उठतं.

म्हणजे मी वर पाहत बसतो तेव्हा ते खाली बसलेलं असतं.

२४ ऑक्टोबर

शिहाब येऊन भांडून गेला. फळं गळायला लागलीत, आठवडाभरात तोडणी नाही झाली तर वर्षाचं तेल मातीत. तू एकदा मोकळा म्हण, म्हणाला. मी म्हटलं, मला माहीत नाही. मग तू इथे कशाला आहेस, म्हणाला. भाऊ पुरून अकरा दिवस झालेला माणूस.

केंद्राने कळवलंय की फोटो अस्पष्ट आहे.

डबा फेकून द्यावासा वाटतो. अजून चालू ठेवतो. का, ठाऊक नाही.

२५ ऑक्टोबर

झोप नाही. डोळे मिटले की घासल्याचा आवाज. जिन्यावर. उजाडल्यावर पाहिलं — कठड्यावर नवा दोरा. खोलीच्या खिडकीपर्यंत आलेला. तिथून परत वळलेला.

ते खिडकीशी येऊन गेलं. माझ्याकडे पाहून गेलं. मारलं नाही.

मारलं का नाही?

शिहाबला म्हटलं, उद्या पहाटे मी स्वतः पूर्वेच्या बागेपर्यंत चालत जातो. पायाखाली दोरा नसला तर मोकळा म्हणेन. त्याने माझा खांदा दाबला. सौसन, तिच्या दोन जावा आणि उम्म जुहैरही ट्रॉलीतून येणार. म्हातारी म्हणाली, झाडं माझी, हात माझे, तू कोण अडवणारा.

२६ ऑक्टोबर, सकाळ

सव्वासहा. अख्खा रस्ता चाललो. हाताने गवत चाचपत. दोरा नाही. एकही नाही.

साडेसहा. वॉकीटॉकीवर सांगितलं. मोकळा. झाडाला टेकून बसलो, वही काढली. पहिल्यांदा बरं वाटतं

आहे.

समोर. वीस पावलांवर. शिहाबच्या बांधाआड. दोरा रस्त्यावरून आलाच नाही, मागच्या ओढ्यातून आलाय. मी ओढा पाहिला नाही. ओढा पाहिला नाही.

चार पाय. मध्ये डोळा. डोळा माझ्यावर.

उठत नाही.

हात कमरेच्या वॉकीटॉकीकडे नेला — पंखे फिरले. हात मागे घेतला — थांबले. लिहिलं तर चालतं त्याला. बोललेलं चालत नाही.

पुन्हा केलं. पुन्हा फिरले. तिकडे कुणीतरी बसलाय. मला बघतोय. कदाचित चहा पीत.

माझ्यासाठी नाही बसलेलं. ट्रॉलीसाठी. मी मोकळा म्हणेपर्यंत थांबलेलं. म्हणून खिडकीशी येऊनही — माझा शब्द हवा होता त्याला.

ट्रॅक्टरचा आवाज. गावाच्या वळणावर. बायका गाताहेत बहुतेक.

ओरडलो तर ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू जायचं नाही. अजून चारपाच मिनिटं.

नीट विचार कर, हय्यान.

वॉकीटॉकी तोंडाशी नेईपर्यंत ते पोचेल. शब्द जाईल न जाईल. पण ते एकदाच फुटतं. माझ्यावर फुटलं तर त्यांच्यासाठी उरत नाही. आणि धमाका वळणापर्यंत ऐकू जातो — शिहाब ट्रॅक्टर फिरवेल — तो धमाका ओळखतो —

भीती वाटते. फार वाटते. अक्षर लागेल ना कुणाला

ओढ्याकडून येतात. ओढा बघा. डब्यावर विसंबू न

ट्रॉली दिसली. म्हातारी पुढे बसलीय.

वही झाडामागे टाकतो. डावा हात कमरेकडे ने