सातव्या मिनिटापर्यंत सुटका नाही

ताई,

माझं अकरा मिनिटांचं लाडकं गाणं काल तू पाहुण्यांसमोर चौथ्याच मिनिटाला बंद केलंस. वर विचारलंस, "मिक्सरमध्ये मेंढी पडलीय का रे?" तुझ्या कंपाउंडरसकट सगळे खिदळले. मीही हसलो, पण ते फक्त दाखवायला.

म्हणून आज खाली तुझ्या दातांच्या दवाखान्यातल्या स्पीकरवर दिवसभर तेच गाणं वाजणार आहे. प्लेअर माळ्यावरच्या कपाटात कुलूपबंद आहे आणि किल्ली घेऊन मी संध्याकाळपर्यंत गायब आहे. मेन स्विच पाडलास, तर तुझी खुर्ची पेशंटसकट वरच अडकेल.

या गाण्याला जगाने भाव दिला नाही, कारण सगळे तुझ्यासारखेच. गिटारचा धिंगाणा सुरू झाला की पळतात. तो सहा मिनिटं चालतो, कबूल. पण सातव्या मिनिटाला ड्रम थांबतात आणि एकटी बासरी मेंढपाळांची एक जुनी धून धरते. आई कामावर गेली की मला झोपवायला तू जी गुणगुणायचीस, तीच. तू विसरलीस, मी नाही.

त्या क्षणी कुणाच्या तरी दाढेत तुझं ड्रिल असेल. सांभाळून रड.

तुझा धाकटा