दोडका तोडण्याची वेळ

फुलचूर, १४ ऑगस्ट १९५४

कुंपणावरच्या दोडक्याला पहिले फळ. करंगळीएवढे. संस्कृतात याला कोशातकी म्हणतात, हे सौ.ला सांगितले. तिने विचारले, तसं म्हटल्यानं लवकर मोठा होते का. सुशीलाबाईंशी शास्त्रचर्चा अशक्य.

संकल्प: यंदा बाजारातून भाजी आणायची नाही. गोंदियात भाजी महाग आणि भाजीवाले उद्धट.

१७ ऑगस्ट

प्रेमिला आली. पहिले बाळंतपण, म्हणून माहेरी. सातवा महिना. जावई दरेकशाहून पॅसेंजरने पोहोचवून गेले. पोरगी सुकली आहे. अन्न समोर आले की मळमळते. म्हणाली, एकच खावंसं वाटून राहिलं बाबूजी, मायच्या हातचा कोवळा दोडका, चण्याची डाळ घातलेला. म्हटले, हा काय, अंगणातच आहे.

समाधान वाटले. वेलाचा लौकिक दरेकशापर्यंत गेला म्हणायचा.

१९ ऑगस्ट, सकाळ

दोडका वीतभर. सौ. टोपली घेऊन हजर. नख लावून पाहिले, सहज रुतले. म्हणाली, आजच तोडते, आज लोण्यासारखा आहे. मी अडवले. वीतभर दोडक्यात तिघांचे काय भागणार? चार दिवस थांबले की हातभर. डोहाळे लगेच पुरवले तर त्यांची गोडी जाते. हे वाक्य साप्ताहिकाला पाठवण्याजोगे आहे. नागपूरचे संपादक छापतील.

२३ ऑगस्ट

हातभर झाला. आता तोडवत नाही.

पुढच्या महिन्यात गोंदियाला शेतकी प्रदर्शन. दरवर्षी इतरांच्या भोपळ्यांचे रिपोर्ट मीच पाठवतो. यंदा वार्ताहरच फर्स्ट प्राइझ घेईल. प्रेमिलाला वेलावरचा दुसरा देऊ. तिला तसे सांगितले. बरं, म्हणाली. समजूतदार आहे.

२६ ऑगस्ट

बाकीच्यांपैकी कोणता पुढे जाईल, हे आधी कसे कळावे? सगळेच राखले. प्रेमिला बराच वेळ वेलाखाली उभी होती. म्हटले, पाहा, पण हात लावू नको. तिने हात मागे घेतला. वळण चांगले आहे. माझेच.

सौ. म्हणाली, पोरीच्या पोटात लेकरू आहे, तुमच्या डोक्यात दोडका. उपमा जमली नाही. तिला तसे सांगितले.

३० ऑगस्ट, दुपार

चोरी. एक दोडका देठापासून गायब. शोध घेत घरात शिरलो तो स्वयंपाकघराचे दार लोटलेले, आत तिळाचा वास. मायलेकी जेवत होत्या. दोडका डाळीत आणि त्याच्या शिरांची तीळ-मिरची घालून चटणी. पुराव्याची विल्हेवाट दोन ताटांत चालली होती.

मी आवाज चढवला नाही. फक्त विचारले, एका जिभेसाठी घराचे नाव बुडवायचे का? प्रेमिलाने ताट सरकवले. पुन्हा हात लावला नाही. अन्न टाकणे पाप, म्हणून तिच्या ताटातले मी संपवले. डाळ उत्तम. चटणी तर भाताबरोबर अप्रतिम. दोडका मात्र माझ्या मते फारच कोवळा.

सौ.ने रिकामी ताटे घासायला नेली. घर शांत. लिखाण भरपूर झाले.

६ सप्टेंबर

विहीणबाई, कुंदाबाई, सुनेची चौकशी करायला आल्या. पोरीचा हात हातात घेतला, बांगड्या कोपरापर्यंत मागे गेल्या. विचारले, काय खाते? प्रेमिलाने बांगड्या पुन्हा खाली ओढल्या. सौ.ने माझ्याकडे पाहिले. मग मीच बाईंना वेल दाखवायला नेले. पाहुण्यांना रिकामे बसवू नये.

त्यांनी थोरल्या दोडक्याला नख लावले. नख वळले. म्हणाल्या, इवाईबुवा, याची भाजी नाही होत, यानं आता आंग घासा. रसिक बाई. मी मनापासून हसलो. हसून होईतो त्या आत गेल्या आणि म्हणाल्या, चाल पोरी, कपडे घे.

मी रीत समजावली. पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी परत गेली तर लोक काय म्हणतील? त्या म्हणाल्या, लोकायले आमी सांगू, तुमी फक्त पेपरात नका देऊ. प्रेमिलाने गाठोडे बांधले. निघताना पाया पडली. वेलाकडे पाहिले नाही. हे थोडे लागले.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सौ.ही गेली. मुलीच्या सासरी जाऊन आईने बाळंतपण केल्याचे आमच्यात कोणी ऐकले नाही. शास्त्र सांगितले. म्हणाली, शास्त्र राहू द्या तुमच्याजवळ, सोबत होईल.

१३ सप्टेंबर

एकांत लाभला. संकल्पाप्रमाणे बाजारची भाजी नाही. प्रदर्शनाचा सोडून दुसरा दोडका पावशीवर धरला. विळीच सरकली, दोडका चिरला नाही. अख्खाच उकडला. दातांत दोरा अडकला तो निघेना. आमच्या दोडक्यात धागा मजबूत आहे.

मीठ-भात खाल्ला.

२७ सप्टेंबर

प्रदर्शन. परीक्षकांनी माझा दोडका उचलून कानाशी हलवला. आत बिया वाजल्या. त्यांनी विचारले, हा भाजीच्या सेक्शनला का आणला, घरगुती वस्तूंचे टेबल पलीकडे आहे. सगळे हसले. मीही हसलो. वार्ताहराने तटस्थ असावे.

फर्स्ट प्राइझ चिचगडच्या एका बाईला. टोपलीभर दोडके, एकही वितीपेक्षा मोठा नाही. रिपोर्ट पाठवला: प्रदर्शन उत्साहात पार पडले.

२ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस. व्याही यादोराव यांचा गडी भैयालाल निरोप घेऊन आला. प्रेमिलाला मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत. सौ.ही चांगली आहे. विचारले, प्रेमिला जेवते का? म्हणाला, आता बरोबर जेवते, तिकडे गेल्यापासून दोन घास जास्तच.

बारसे रविवारी. मला बोलावणे आहे. मात्र येताना काही आणू नका, असा निरोप.

विहीणबाईंचा विनोद मला आता ओळखू येतो. भैयालालला म्हटले, त्यांना सांग, समजलो. तो म्हणाला, मोठ्या बाईनं नाही सांगितलं. प्रेमिलाबाईनं सांगितलं. मी निघालो तं अंगणापर्यंत येऊन पुन्हा सांगितलं.